करवंदाएवढे सीताफळ

घाटाखालच्या एका लहानशा शहरात एकदा एक वृद्ध कारागीर राहत होता. त्याच्या घरी बाराही महिने सगळी फळे तयार असत. पौषात आंबा, वैशाखात सीताफळ, आणि द्राक्षांचा घोस तर केव्हाही मागावा. अडचण एवढीच, की त्यातले एकही फळ खाता येत नसे आणि अख्खी टोपली तळहातावर मावत असे.

ही फळे पॉलिमर क्लेची असत. या नावाची मऊ, रंगीत माती बाजारात मिळते. ती मळावी, वळावी, सुईने कोरावी आणि ओव्हनमध्ये मंद आचेवर भाजावी, की ती कायमची टणक होते. एवढ्या सामग्रीवर तो वृद्ध जी फळे करी, ती पाहून शहाणीसुरती माणसेही आधी वास घेत आणि मग हसत. संत्र्याची साल तो जुन्या टूथब्रशच्या केसांनी टोचून टोचून उठवी. चिकूला चकाकी येऊ देत नसे. काळ्या द्राक्षावर असतो तो पुसट पांढरा थर तो रंगीत खडूची पूड फुंकून आणी. सारे गाव त्याला तात्या म्हणे. स्वभावाने ते मितभाषी होते. फार बोलले की माती वाळते, असे ते सांगत. ती माती भाजल्यावाचून टणक होत नाही हे त्यांच्या सगळ्या शिष्यांना ठाऊक होते, पण कोणी तसे बोलून दाखवत नसे.

तात्यांच्या कार्यशाळेत एक रीत होती. नमुन्यासाठी आणलेले खरे फळ सकाळी ताटात ठेवले जाई. प्रत्येकाने ते हातात घ्यायचे, उलटसुलट करून न्याहाळायचे, हुंगायचे. मग तात्या स्वतः सुरी घेत, फळ कापत आणि प्रत्येकाच्या हातावर एकेक फोड ठेवत. ते पोटात गेल्यावर मगच कामाला बसायचे. पाहण्यात काही राहून गेले असेल, तर उद्या दुसरे फळ. नवे शिष्य याला म्हाताऱ्याच्या जिभेचे चोचले समजत. जुने शिष्यही तसेच समजत, फक्त त्यांना त्याची सवय झालेली होती.

या शिष्यांत श्रीरंग सर्वांत निपुण होता. वय तिशीचे, नजर तीक्ष्ण आणि हात विलक्षण स्थिर. सोबत्यांना जे भिंग लावूनही दिसत नसे ते त्याला नुसत्या डोळ्यांनी दिसे, आणि याचा त्याला थोडा अभिमानही होता. कापून खाण्याची ती रीत त्याला मुळीच पटत नसे. चित्रकार ज्याचे चित्र काढायचे त्याला आधी कापून वाटून टाकत नाही, असे तो सोबत्यांच्या कानात सांगे आणि ते तोंड दाबून हसत. शेवटी त्याने आपल्यापुरता मार्ग काढला. तो स्वतःच बाजारातून फळ आणी, घरी खिडकीजवळच्या टेबलावर दिव्याखाली ठेवी, आणि ते नासेपर्यंत त्याच्यासमोर बसून काम करी.

त्याच खोलीत, टेबलापासून हाताच्या अंतरावर, त्याच्या वडिलांची खाट होती.

वडिलांना तो आप्पा म्हणे. आप्पांनी सारी नोकरी एसटीत कंडक्टर म्हणून केली होती. बायको लवकर गेली, मुलगा एकट्याने वाढवला, आणि या सगळ्यात कोणापुढे कधी हात पसरला नाही. पाणी हवे असले तरी ते उठून स्वतः घेत. आता उठणे राहिले नव्हते. मज्जातंतूंचा कसलासा आजार जडला होता. आधी पाय गेले, मग हात गेले, आता बोलणे जड झाले होते. डॉक्टरांनी श्रीरंगला बाजूला घेऊन सांगितले होते, की पुढची पाळी घशाची आहे. अजून मऊ अन्न उतरते आहे, पण काही दिवसांनी घासच गिळता येणार नाही, मग नळीवाटे द्यावे लागेल. श्रीरंगने ते नीट ऐकले होते. त्याने पेज करायला शेजारच्या मावशींना सांगितले, औषधे वेळेवर दिली, चादरी धुतल्या. मुलगा म्हणून आपण कुठे कमी पडतो आहोत असे त्याला वाटले नाही, आणि लोकांनाही वाटले नाही.

अशात एके दिवशी शहरात एक व्यापारी आला. चिमुकल्या वस्तूंचे देखावे करून तो दूरदूरच्या शहरांत पाठवत असे. त्याला काचेच्या पेटीत एक पुरा आठवडेबाजार मांडायचा होता. पाट्या, हारे, तराजू आणि ढीगच्या ढीग फळे. हे सारे काम एकाच हाताने झालेले हवे, असा त्याचा आग्रह होता. तो तात्यांना म्हणाला, की मला एक सीताफळ करून दाखवा; ज्याचे सीताफळ मनात भरेल त्याला सगळा बाजार. तात्यांची दृष्टी आता एवढ्या बारीक कामाला पुरत नव्हती. त्यांनी श्रीरंगचे नाव सांगितले.

सीताफळ मागण्यात व्यापाऱ्याची पारख होती. आंबा काय, चिकू काय, एका गोळीतून वळता येतो. सीताफळाचे तसे नाही. त्याचा एकेक डोळा वेगळा वळावा लागतो आणि देठाकडून खालपर्यंत एकात एक बसवत न्यावा लागतो. पिकताना दोन डोळ्यांमधल्या भेगा उकलतात. त्यांत पिवळसर, कुठे गुलाबी, कुठे दुधाळ रंग भरतो, आणि हे सगळे करवंदाएवढ्या जागेत आणायचे. त्यातून खरे सीताफळ नमुना म्हणून अत्यंत अवसानघातकी. सकाळी कडक असते, संध्याकाळी मऊ पडते, आणि दुसऱ्या दिवशी हात लावावा तर फुटते.

श्रीरंगने एक सीताफळ आणले. त्याचे निम्मे डोळे बसवून होतात न होतात तोच ते पिकून उकलले. त्याने ते बादलीत टाकले आणि दुसरे आणले. तेही गेले. खोलीत दिवसभर पिकल्या सीताफळाचा गोड, दाट वास भरून राही. कामात बुडालेल्या माणसाला वास येत नाही. खाटेवर पडलेल्या माणसाला मात्र दुसरे काही काम नसते.

एका दुपारी आप्पा शब्द ओढत ओढत म्हणाले, "पिकलं वाटतं."

"हो ना," श्रीरंग सुई न थांबवता म्हणाला, "उद्यापर्यंत तरी टिकायला हवं होतं."

 श्रीरंगने भेगांतला रंग ताबडतोब जुळवून घेतला, कारण पिकल्याचा तोच ऐन क्षण होता, आणि वडिलांनी वेळेवर सांगितले म्हणून त्याला बरेच वाटले. संध्याकाळी ते फळही बादलीत गेले. आप्पांची मान खिडकीकडेच वळलेली होती, त्यामुळे त्यांना ते दिसले असणार. असे किती वेळा झाले ते श्रीरंगने मोजले नाही. मोसम सरत आला होता, बाजारात सीताफळे कमी कमी होत होती, आणि त्याला चिंता होती ती एवढीच, की काम पुरे होण्याआधी नमुनाच मिळेनासा होऊ नये.

काम पुरे झाले. भाजून, रंगवून ते इवलेसे फळ त्याने कापसावर ठेवले तेव्हा त्याला स्वतःलाच क्षणभर ते हुंगावेसे वाटले. ठरल्या दिवशी ते आणि शेवटचे खरे सीताफळ घेऊन तो तात्यांकडे गेला. खरे आणि खोटे एकाच ताटात शेजारी शेजारी ठेवायचे आणि धाकटे थेट खऱ्यासारखे दिसते का ते तात्यांनी दारातून पाहायचे, अशी तिथली परीक्षा होती. व्यापारी आधीच येऊन बसला होता. त्याला त्याच दिवशी परत जायचे होते आणि तसे तो पुन्हा पुन्हा सांगत होता. शिष्य भिंतीला टेकून उभे होते. श्रीरंगने ताट मांडले. त्याच्या मनात शंका नव्हती.

तात्या दाराशी गेले नाहीत. ते ताटाजवळ आले आणि त्यांनी खरे सीताफळ उचलले. अंगठ्याने हलकेच दाबून पाहिले. ते उकलायच्या बेतात होते.

"याचं पुढे काय?" त्यांनी विचारले.

श्रीरंगला प्रश्न कळला नाही. पुढे काय असणार, नमुन्याचे काम झाले, आता टाकून द्यायचे, असे तो म्हणाला. तात्यांनी विचारले, की आधीची कोणी खाल्ली. कोणी नाही, असे श्रीरंगने सांगितले. तो खोटे बोलणारा माणूस नव्हता.

"आप्पांना अजून गिळता येतं?"

"मऊ असलं तर येतं."

"मग त्यांना कधी विचारलंस?"

श्रीरंगने विचारले नव्हते, एवढेच नव्हे, तर विचारायचे असते हे त्याच्या ध्यानातच आले नव्हते. तात्यांनी कोपऱ्यातली एक स्टीलची वाटी घेतली आणि ताटातल्या त्या चिमुकल्या फळावर उपडी घातली. त्या फळाकडे त्यांनी एकदाही पाहिले नाही. मग खांद्यावरच्या पंच्यात खरे सीताफळ गुंडाळून त्यांनी ते श्रीरंगच्या हातात दिले.

"घरी जा," ते म्हणाले. "आत्ता."

व्यापारी कुरकुरला. आपण एवढ्या लांबून आलो, निदान पाहून तरी घ्या, असे तो म्हणाला. त्याने वाटीकडे हात नेला, तेव्हा तात्यांनी आपला हात वाटीवर ठेवला. तो हात तिथून हलला नाही.

वाटेत श्रीरंगचा संताप मावत नव्हता. इतक्या दिवसांचे काम, डोळ्यांचे पाणी झालेले, आणि म्हाताऱ्याने त्यावर वाटी घातली. तात्यांना आता दिसत नाही म्हणून दुसऱ्याचे चांगले काम सोसत नाही, इथपर्यंत त्याचे मन गेले. तो व्यापारी काही थांबायचा नाही. असे काम पुन्हा चालून येणार नाही. घराच्या पायऱ्या चढताना त्याने ते गाठोडे असे धरले होते, की जणू त्याला शिक्षाच झाली होती.

आप्पा जागे होते. त्याने पंचा सोडला. फळ त्याच्या हातात आपसूक दोन भाग होऊन उकलले. त्याने एक डोळा गरासकट उचलला, त्यातली काळी बी बोटांनी काढून टाकली आणि गर चमच्यावर घेऊन आप्पांच्या ओठांशी नेला. आप्पांनी चमच्याकडे पाहिले, मग त्याच्याकडे पाहिले.

"कामाचं आहे ना?"

"काम झालं, आप्पा."

आप्पांनी तोंड उघडले. गर जिभेवर गेला. त्यांनी डोळे मिटले आणि बराच वेळ तो तसाच तोंडात धरून ठेवला. मग गिळायला गेले तर ठसका लागला. श्रीरंगने त्यांना उठवून बसवले, पाठ चोळली. थोडा गर बाहेर आला, थोडा उतरला. दुसऱ्या घासाला तेच झाले. गेल्या आठवड्यात आप्पा मऊ भात वाटीभर खात होते, हे श्रीरंगला तेव्हा आठवले. 

"घाटात गाडी थांबायची," आप्पा थांबत थांबत म्हणाले. "बायका टोपल्या घेऊन खिडकीशी यायच्या. तुला एक घ्यायचो."

"आणि तुम्ही?"

"मला कुठला वेळ. घंटी मारायची असायची."

घरी येऊन ते सांगत, की माझे वाटेत खाऊन झाले. श्रीरंगने ते लहानपणापासून खरे मानले होते. त्याने चमचा खाली ठेवला. या माणसाला त्याने आठवडाभर रोज सीताफळाचा वास दिला होता आणि फळ बादलीत टाकले होते, आणि त्या माणसाने तक्रारीचा एक शब्द काढला नव्हता. वडिलांच्या हातावर डोके टेकून तो रडला. आप्पांना हात उचलून त्याच्या डोक्यावर ठेवता येत नव्हता, म्हणून ते नुसतेच त्याच्याकडे पाहत राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो कार्यशाळेत गेला तेव्हा तात्या एकटेच बसले होते. ताट जागेवर होते आणि वाटीही तशीच उपडी होती. व्यापारी गेला होता. दुसऱ्या गावातल्या एका कारागिराकडे बाजाराचे काम देईन, असे तो जाताना म्हणाला होता. तात्यांनी हे सरळ सांगून टाकले. श्रीरंगला वाईट वाटले, वाटायचेच.

"खाल्लं त्यांनी?" तात्यांनी विचारले.

"दोन घास. तेही पुरते उतरले नाहीत. चार दिवसांपूर्वी दिलं असतं, तर सगळं खाल्लं असतं."

असे नसते झाले, असे काही तात्या म्हणाले नाहीत. त्यांनी त्याला समोर बसवले आणि बोलू लागले.

"श्रीरंग, आपण केलेलं फळ नासत नाही, हे आपल्या विद्येचं मोठेपण आहे आणि धोकाही तोच आहे. दिवसभर न नासणाऱ्या वस्तूपाशी बसलेल्या माणसाला हळूहळू वाटायला लागतं, की कशालाच घाई नाही. खरं फळ थांबेल, घरातलं माणूस थांबेल. मी रोज फळ कापतो ते याचसाठी. फळ संपायलाच आलेलं असतं आणि खाणारं तोंडही कायमचं नसतं, याची आठवण ठेवून मग मातीला हात लावावा. तुझं काम पाहायला मी पुढच्या वर्षीही बसलेला असेन. नसलो तर दुसरं कोणी पाहील. त्याला काही होत नाही. म्हणून ते झाकून ठेवलं. जे झाकून ठेवता येत नव्हतं, ते तुझ्याबरोबर घरी पाठवलं."

श्रीरंगने मान खाली घातली. काल वाटेत मनात आलेले सगळे त्याला आठवले आणि त्याची त्याला लाज वाटली. तात्या उठले. दारापर्यंत गेले, वळले आणि म्हणाले, "काढ वाटी. पाहू दे."

हा क्षण यावा म्हणून श्रीरंगने कित्येक वर्षे त्या घरी माती मळली होती. त्याने वाटीकडे पाहिले. मग तो उठला आणि नम्रपणे म्हणाला, की आज राहू द्या. आज मला बाजारात जायचे आहे, नंतर सीताफळे उरायची नाहीत. तात्या दारातून बाजूला झाले.

बाजारात शेवटच्या ओळीत एका बाईपाशी थोडी सीताफळे होती. ती त्याला ओळखत होती. तिने सवयीने पाटीच्या तळातली कडक, हिरवी फळे काढायला सुरुवात केली, कारण हे गिऱ्हाईक नेहमी टिकणारे मागते. श्रीरंगने तिला थांबवले. त्याने स्वतः एकेक फळ हातात घेतले, देठाजवळ हलकेच दाबले, आणि ज्याचे डोळे उकलले होते, जे उद्यापर्यंत राहणार नव्हते, ते निवडले. बाई म्हणाली, की हे आजच खावे लागेल. तो हो म्हणाला.

घरी येऊन त्याने गर बियांवरून सोडवला, पातळ फडक्यातून गाळला आणि त्यात थोडी दाट पेज कालवली. आप्पांना उशांना टेकवून बसवले, हनुवटी छातीकडे किंचित झुकवली, जसे डॉक्टरांनी दाखवले होते, आणि चमच्याच्या टोकावर अगदी थोडे घेतले. खिडकीजवळचे टेबल रिकामे होते. आप्पांची नजर त्यावरून फिरून त्याच्याकडे आली.

"आज काम नाही?"

"आहे," श्रीरंग म्हणाला. "राहील ते."

पहिला घास ठसका न लागता उतरला. आप्पांचा कंठ सावकाश खाली-वर झाला, आणि श्रीरंग श्वास रोखून तेवढेच पाहत होता. फळातही त्याने इतके बारकाईने कधी काही पाहिले नव्हते. खाली रस्त्यावरून कोणीतरी त्याला हाक मारली. त्याने ओ दिली नाही. आप्पांनी ओठांवरून जीभ फिरवली.

"अजून," ते म्हणाले.

श्रीरंगने पुढचा चमचा भरला.